भेगा व विभंग, खडकांतील

खडकावरील प्रतिबल त्याच्या बलापेक्षा अधिक झाले म्हणजे खडक तुटून भेगा पडतात. भेगेलगतचे दोन्ही भाग तिच्या पृष्ठाला अनुसरून सरकलेले नसल्यास तिला संधी व सरकलेले असल्यास विभंग म्हणतात.

खडक एकदम सबंध तुटत नाही. भेगेच्या टोकाशी प्रतिबल एकवटते व लांब भेग आखूड भेगेपेक्षा कमी प्रतिबलाने वाढू लागते, असे ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेवरील प्रयोगांवरून दाखविले. वाढताना शेजारच्या भेगा एकमेकींना मिळतात. त्यामुळे आखूड भेगा पुष्कळ व लांब भेगा थोड्या, असे प्रमाण आढळते. विभंगाचे कमाल विस्थापन त्याच्या लांबीबरोबर वाढते. ते लांबीच्या सु. १/१०० असते, परंतु खडक व परिस्थिती यांनुसार १/१० ते १/१,००० असे बदलते. एका भूकंपातील विस्थापन मात्र तुटलेल्या भागाच्या लांबीच्या सु. १/१०,००० किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे मोठा विभंग हा अनेक भूकंपांत साठत गेलेला परिणाम होय. कोयना (११ डिसेंबर १९६७) व किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) येथील भूकंप बेसाल्टाखालील प्राचीन खडकांत अशा सरकण्याने झाले.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांत सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर आहेत. कुकडीच्या पात्रात टाकळी हाजी येथील रांजणखळग्यांपाशी हा बेसाल्ट उघडा पडलेला दिसतो. लाव्हा थिजून आकसताना त्यात संधी पडल्या. त्या थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठांपासून टप्प्याटप्प्याने आत वाढत गेल्या. सरळ नदीपात्र किंवा भेगांचा लांब पट्टा दिसला, तरी एवढ्यावरून तेथे विभंग आहे असे ठरत नाही. दोन थरांमधील तांबड्या मातीचा पट्टा दोन्ही बाजूंस वेगळ्या उंचीवर आढळला, तर विस्थापनाचा सबळ पुरावा मिळतो.

हे तालुके पर्जन्यछायेत असल्यामुळे भेगांना येथे व्यावहारिक महत्त्व आहे. अभंग काळ्या बेसाल्टात पाणी मुरत नाही. ते मुरूम, सच्छिद्र थर व भेगा यांतच साठते. भेगा परस्परांना जोडलेल्या असतील, तरच ते दूरवरून वाहत येते. म्हणून एका विहिरीला भरपूर पाणी लागते, तर शेजारची कोरडी निघते. अरुंद कूपनलिकेला उभ्या भेगा क्वचितच छेदतात. रुंद विहिरीत त्या अधिक सापडतात व तळाशी आडवी छिद्रे घेतल्यास आणखी भेगा गाठता येतात. खोलीबरोबर भेगा सामान्यतः विरळ व घट्ट होत जातात. काही कॅल्साइट वा झिओलाइट यांनी बुजलेल्याही असतात. त्यामुळे केवळ अधिक खोल वेधन केल्याने पाणी मिळेलच असे नाही. महाराष्ट्रात भूजलाच्या शोधाचे काम १९७२ मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते.