गाडी, मुक्काम, बोट

बोटीच्या सफरीची चौकशी करायला आमच्याकडे कुणी आलं की पहिला प्रश्न भाड्याचा असतो, दुसरा जेवणाचा. तिसरा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. शिरपूरकडच्या एका आबांनी तो विचारला, "गाडी लेट व्हयनी तर बोट आपलासाठे थांबी का?" सगळ्या सफरीची मेख या प्रश्नात आहे.

बोट थांबत नाही. धक्क्यावरून निघायची वेळ कंपनी एकटी ठरवत नाही. बंदराचा पायलट ठरलेल्या वेळी बोटीवर चढतो, टग हजर असतात, धक्का मोकळा करून द्यायचा असतो. चढण्याचं दार तर बोट सुटायच्या कितीतरी आधी बंद होतं. आणि आपली गाडी? इगतपुरीला सिग्नल मिळाला नाही, कसारा घाटात काही अडलं, रविवारचा मेगाब्लॉक आडवा आला, की दोन तास कुठे जातात कळत नाही. म्हणून ज्या दिवशी बोट त्याच दिवशी पहाटेची गाडी, असा बेत घेऊन कुणी आलं की मी बुकिंगचा कागद बाजूला ठेवते आणि आधी चहा मागवते. समजावून सांगायला वेळ लागतो.

माझं माहेर धुळ्याचं, पाचव्या गल्लीतलं. सासर जळगावचं. आम्ही नवरा-बायको मिळून सहलींचं बुकिंग करतो. आधी चारधाम, अष्टविनायक, दक्षिण भारत असंच सगळं असायचं. क्रूझ हा शब्द आमच्याकडे खऱ्या अर्थाने रुळला तो सप्टेंबर २०२१ नंतर, कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जायला लागल्यापासून. ही बोट १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली. अकरा मजली आहे आणि पंधराशेच्या वर माणसं तिच्यात मावतात. रावेर-यावलचे केळीवाले, निवृत्त शिक्षक जोडपी, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस करणारी मंडळी, आता सगळ्यांनाच बोटीवर जायचं असतं. मात्र बहुतेकांच्या डोक्यात बोट हीच सफर असते. गाडी म्हणजे तिथवर पोचायची यातायात आणि मुंबईतलं हॉटेल म्हणजे वायफळ खर्च. माझा आग्रह याच्या बरोब्बर उलट आहे. तिन्ही मिळून एकच सफर धरा आणि मधला मुक्काम मुळीच कापू नका.

हा आग्रह माझ्या डोक्यातून निघालेला नाही, तो जुना आहे. जळगाव-धुळ्याला समुद्र नाही. आमची तापी सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, तेवढंच काय ते नातं. पण बोट आणि आगगाडीची जी थोर सांगड एके काळी बसली, तिचे रूळ आमच्या दारावरून गेलेले आहेत. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली आणि विलायतेहून बोटीने मुंबईला उतरून गाडीने खानदेश ओलांडत पुढे जायचं, हा हमरस्ता झाला. ज्यूल व्हर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' या कादंबरीतला फिलिअस फॉग याच वाटेने जातो. दुपारी 'मंगोलिया' बोटीतून मुंबईला उतरतो, रात्री आठची गाडी धरतो, आणि दुसऱ्या दिवशी ती गाडी खानदेशच्या सपाट शेतांमधून धावत बऱ्हाणपूरला थांबते. म्हणजे आपल्याच रुळांवरून. पैज लागलेली असल्यामुळे त्याला मुंबईत काहीच बघायचं नव्हतं. आपली कुणाशी पैज नसते, हे मी लोकांना आवर्जून सांगते.

पुढे १ जून १९१२ ला पंजाब मेल सुरू झाली ती थेट बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनातून. विलायतेची डाक आणि साहेब लोक बोटीतून उतरायचे आणि धक्क्यावरूनच पेशावरच्या गाडीत बसायचे. ती पंजाब मेल आजही जळगाव-भुसावळला थांबते. आता ती फिरोजपूरपर्यंत जाते आणि मुंबईत सीएसएमटीहून सुटते. पण जळगावचा माणूस पंजाब मेलने मुंबईला जाऊन बॅलार्ड पिअरला बोटीत चढतो, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची वाट तो उलट्या दिशेने चालत असतो. हे ऐकल्यावर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला फार आवडतं.

हॉटेलांचंही तसंच. बोटीने आलेला किंवा बोटीची वाट बघणारा प्रवासी कुठे तरी उतरणारच. काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचे चलत्चित्रपट दाखवले गेले, ते हॉटेल अशाच पाहुण्यांवर चालायचं. १९०३ साली ताज उघडलं तेही समुद्राकडे तोंड करून. गाडी आणि बोट यांच्यामध्ये एक रात्र शहरात काढायची, ही या मार्गाची जुनी रीतच आहे.

आता आजचं गणित. जळगाव ते सीएसएमटी ४२० किलोमीटर. विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावतीची गाडी रात्री धरली की सकाळी मुंबई. धुळेकरांना पूर्वी चाळीसगावची फेरी चुकायची नाही, आता धुळ्याहून मुंबईला थेट गाडी आहे. नंदुरबार-अमळनेरकडच्या मंडळींना सुरतमार्गे खानदेश एक्सप्रेस सोयीची, फक्त ती पश्चिम रेल्वेवर उतरवते आणि तिथून बंदर लांब पडतं. सीएसएमटीवर उतरलेल्याला मात्र बॅलार्ड पिअर दीड-दोन किलोमीटरच्या आतच. २० सप्टेंबर २०२५ ला तिथे नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. टॅक्सीवाल्याला नुसतं 'बंदर' म्हणू नका. तो भाऊच्या धक्क्याला नेईल. 'बॅलार्ड पिअर, क्रूझ टर्मिनल' असं सांगा.

खरी ओढाताण होते ती तिकिटांच्या वेळांची. बोटीचं बुकिंग लोक चार-सहा महिने आधी करतात, कारण भाडं तेव्हा कमी असतं. रेल्वेचं आरक्षण मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी फक्त ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे बोटीचे पैसे भरून झालेले आणि गाडीचं नक्की नाही, अशा अवस्थेत आपण दोन-चार महिने असतो. दिवाळीच्या सुट्टीत तर पहिल्या काही मिनिटांत वेटिंग लागतं. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. बोटीच्या आदल्या दिवशी सकाळी मुंबईत पोचेल अशी गाडी धरायची. ती नाही मिळाली तर दुसरी गाडी, तीही नाही तर ट्रॅव्हल्सची बस, हाताशी पूर्ण दिवस असतो.

हॉटेल घेताना एक अडचण लोकांना ठाऊक नसते. गाडी पोचते सकाळी सातला आणि मोठ्या हॉटेलात खोली मिळते दुपारी बारानंतर, कित्येक ठिकाणी दोननंतर. रात्रभर बसून आलेली म्हातारी माणसं लॉबीतल्या सोफ्यावर ताटकळतात. आधी फोन करून ठेवला तर बऱ्याचदा खोली लवकर देतात. नाही दिली तरी सामान ठेवून घेतातच. तोवर स्टेशनवरच्या विश्रामगृहात किंवा पॉडमध्ये आंघोळ उरकावी आणि बाहेर पडावं. आणि ज्या सीएसएमटीतून आपण नेहमी डोकं खाली घालून बाहेर पळतो, तिच्यासमोर रस्त्यापलीकडे दहा मिनिटं उभं राहावं. फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. घुमटावरची बाई, भिंतींवरची माकडं, मोर, पानं-फुलं बघत बसलं तर सकाळ कमी पडते.

हॉटेलच्या बाबतीत मी हट्टाने बोलते त्याला कारण आहे. पारोळ्याच्या एक काकू मुलाच्या पैशाने बोटीवर निघाल्या होत्या. मुंबईचा मुक्काम नको, खर्च वाढतो, असं त्यांचंच म्हणणं. बोलता बोलता कळलं की त्यांनी मुंबईत पुष्कळ रात्री काढल्या होत्या, पण सगळ्या काकांच्या आजारपणातल्या, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात, सतरंजीवर, डोक्याशी रिपोर्टची पिशवी घेऊन. खानदेशातल्या किती घरांची मुंबई हीच आहे! दवाखाना, मंत्रालय, कोर्ट, पोराची मुलाखत. काम झालं की रात्रीची गाडी. त्या शहरात पाहुणी म्हणून आपण कधी राहिलोच नाही. मी काकूंना फोर्टातल्या एका हॉटेलात सातव्या मजल्यावर खोली घेऊन दिली. संध्याकाळी मरीन ड्राइव्हला चालायला, रात्री नीट गादीवर झोप, सकाळी निवांत नाश्ता. परत आल्यावर त्या बोटीबद्दल कमी आणि त्या खोलीच्या खिडकीबद्दल जास्त बोलत होत्या.

आता बोट. सामान टर्मिनलवरच ताब्यात घेतात आणि केबिनपर्यंत पोचवतात, पण ते संध्याकाळपर्यंत येतं. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, ओळखपत्र आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत हवा. भाड्यात राहणं-जेवण येतं. पोर्टचे पैसे, सेवाशुल्क आणि जीएसटी शेवटच्या पानावर येतो. जाहिरातीतला आकडा धरून बजेट करू नये. सगळ्यात स्वस्त केबिनला खिडकी नसते. ज्याला बंद खोलीत घाबरल्यासारखं होतं त्याने चार पैसे जास्त देऊन समुद्र दिसणारी घ्यावी. बोट लागण्याचा त्रास असेल तर खालचा मजला आणि मधली केबिन मागावी, तिथे हेलकावे कमी. शाकाहारी आणि जैन जेवण व्यवस्थित मिळतं. घरचं खाणं मात्र आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे कळण्याची भाकरी आणि ठेचा गाडीतच संपवावा लागतो. लक्षद्वीपला बोट लांब उभी राहते आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. तिथे जायला भारतीयांनाही परवाना लागतो, त्याचे कागद वेळेत द्यायचे.

बोट सुटताना केबिनमध्ये बसू नका, एवढं ऐकाच. वर डेकवर या आणि गाण्यांच्या गोंगाटापासून बाजूला, कठड्याशी उभे राहा. टग बोटीला धक्क्यापासून हळूहळू बाजूला ओढतात. पाण्याची एक अरुंद पट्टी दिसते, मग ती रुंद होत जाते. गेटवे आणि ताज उजव्या हाताला मागे सरतात, कुलाबा संपतो, आणि टोकाला १८७५ सालचा प्राँग्ज दीपगृहाचा मनोरा एकटा पाण्यात उभा दिसतो. मग बोटीच्या पोटातलं एक दार उघडतं, दोरीची शिडी खाली सोडतात आणि बाजूने पळणाऱ्या लहानशा पिवळट होडीत बंदराचा पायलट उतरतो. दोन्ही बोटी चालू असतात. शेवटच्या पायरीवर तो क्षणभर थांबतो, होडी लाटेवर वर यायची वाट बघतो, आणि पाय टाकतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा श्वास रोखला होता. तो रोजच हे करतो. बोट आपल्यासाठी का थांबत नाही, ते या माणसाला पाहिल्यावर नीट समजतं. त्याची वेळ, लाटेची वेळ, सगळं आधीच ठरलेलं असतं.

परतीचा विचार लोक करतच नाहीत, आणि तिथेच खानदेशी माणसाला एक सोय आहे जी मुंबईकरालाही नाही. गोव्यात संपणारी सफर घेतली तर बोट मुरगावला सोडते. मुरगाव बंदराला लागूनच वास्को. आणि वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस पुणे, मनमाडवरून भुसावळला येते. मुंबईला परत जायची गरजच नाही! ही गाडी दुपारी निघते. कुळेला मागे जादा इंजिनं लावतात, कारण पुढचा घाट ३७ फुटांना एक फूट असा चढतो. आपल्या कसारा घाटाचाही चढ नेमका तेवढाच आहे, आणि तिथेही अशीच जादा इंजिनं लावतात. मग दूधसागर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलं तर ३१० मीटरवरून कोसळणारं पाणी रुळांच्या इतकं जवळ येतं की दारात उभं राहिल्यावर तोंडावर तुषार उडतात. एप्रिल-मेमध्ये कातळावर नुसती बारीक धार असते, तेव्हा त्या आशेने जाऊ नये. रात्र गाडीत काढली की सकाळी मनमाड. धुळ्याचे लोक तिथे उतरून मालेगावमार्गे एसटी धरतात, बाकीचे भुसावळपर्यंत बसून राहतात.

एक मात्र आहे. गोव्यातही बोटीतून उतरल्याच्या दिवशीच गोवा एक्सप्रेस धरायची घाई करू नये. वास्कोला किंवा पणजीला एक रात्र ठेवावी. उतरण्याची रांग लांब असते, आणि दोन दिवस हेलकावे खाल्लेल्या पायांना जमीन थोडा वेळ हलतच असते.

सध्या चोपड्याचं एक भजनी मंडळ नोव्हेंबरचा बेत करतंय. बोट ठरली, मुंबईचं हॉटेल ठरलं. गाडीचं तिकीट उघडायला अजून वेळ आहे. त्या दिवशी सकाळी आठला आम्ही दोघंही दोन संगणकांवर बसणार, जाण्याच्या गाडीसाठी; आणि वास्कोची तारीख उघडेल त्या दिवशी पुन्हा, येण्याच्या गाडीसाठी.