चाचणी काय सांगते, काय सांगत नाही



आपल्या छत्रपती संभाजीनगरात भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र आहे, तालमी आहेत आणि आता गल्लोगल्ली जिमही झाल्या आहेत. तिथे घाम गाळणाऱ्या मुलामुलींपैकी काही जण उद्या राष्ट्रीय पातळीवर खेळतील आणि त्यांना डोपिंग चाचणीला, म्हणजे उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीला, सामोरे जावे लागेल. ही तपासणी किती खात्रीची आणि किती न्यायाची, हे म्हणूनच समजून घ्यायला हवे.

खेळाडूची लघवी ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत सीलबंद करतात. प्रयोगशाळेला नाव कळत नाही, फक्त क्रमांक कळतो. ‘ए’मध्ये बंदी असलेले द्रव्य सापडले, तर ‘बी’ बाटली उघडून तपासा, अशी मागणी खेळाडूला करता येते. यंत्रेही फार सूक्ष्म आहेत. २०१० च्या ‘टूर द फ्रान्स’ सायकल शर्यतीत अल्बर्टो काँटाडोर या स्पॅनिश सायकलपटूच्या नमुन्यात एका मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅम क्लेनब्युटेरॉल सापडले. म्हणजे ग्रॅमच्या एका अब्जांशाचा विसावा भाग!

मग दोषी नेहमी सापडतोच का? तसे नाही. लान्स आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे हीच शर्यत जिंकली. शेकडो चाचण्या होऊनही तो सुटत राहिला. २०१२ मध्ये तो अडकला तो मुख्यतः सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे. स्वतःचेच रक्त काढून ठेवून पुन्हा चढवले, तर लघवीत परके द्रव्य कुठून सापडणार? म्हणून २००८ पासून सायकलपटूंच्या रक्ताच्या नोंदी ठेवून त्यांतले संशयास्पद चढउतार तपासले जाऊ लागले.

आता दुसरी बाजू पाहू. तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ झालेला आपला नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी निवडला गेला होता. जूनमध्ये त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टिरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे. १ ऑगस्टला भारतातील ‘नाडा’च्या समितीने ते मान्य केले. जागतिक संस्था ‘वाडा’ मात्र क्रीडा लवादाकडे गेली. नमुन्यातले प्रमाण पाहता द्रव्य पेयात मिसळलेल्या भुकटीतून नव्हे, तर गोळ्यांतून गेले असावे, असे तज्ज्ञाचे मत पडले. १८ ऑगस्टला, लढतीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली.

इथेच गोम आहे. शरीरात काय आहे, हे यंत्र सांगते. ते तिथे कसे गेले, हे सांगत नाही. नियम असा, की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. काँटाडोरच्या बाबतीत दूषित पूरक आहाराची शक्यता अधिक, असे लवादालाही वाटले होते. तरीही २०१२ मध्ये त्याला दोन वर्षांची बंदी झाली आणि विजेतेपद गेले.

हा नियम कठोर आहे, पण ‘कुणीतरी मिसळले’ एवढे म्हणून सुटता आले, तर प्रामाणिक प्रतिस्पर्ध्यावर अन्याय होईल. माझा आक्षेप वेगळा आहे. नामवंत खेळाडूला वकील आणि तज्ज्ञ परवडतात. तालुक्याच्या गावातल्या मुलीने काय करायचे? शिवाय प्रयोगशाळाही चुकीपलीकडच्या नसतात. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची मान्यता ‘वाडा’ने २०१९ मध्ये निलंबित केली होती, ती २०२१ च्या डिसेंबरात परत मिळाली. खेळाडूला मोफत कायदेशीर आणि वैद्यकीय मदत मिळाली, तरच हा न्याय पुरा म्हणता येईल.

तोवर सावधपणा आपल्याच हाती. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याला २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी झाली, ती खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटॅलिनमुळे. म्हणून मुलांनो, डॉक्टरांना आधीच सांगा, ‘मी खेळाडू आहे.’ औषधाची चिठ्ठी आणि पावती जपून ठेवा. आवश्यक औषध बंदीच्या यादीत असेल, तर उपचारासाठी सूट मागता येते. चाचणीच्या अर्जात अलीकडे घेतलेली सगळी औषधे लिहा. आणि जिममध्ये कुणी बिनपावतीचा पावडरीचा डबा पुढे केला, तर हात जोडून नको म्हणा. उद्या जाब तुम्हालाच द्यावा लागेल, डबा देणाऱ्याला कुणी विचारणार नाही.