अमेरिकेचा कायदा : चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेक कॅलिफोर्नियात, भाचा टेक्सासमध्ये अशी घरे महाराष्ट्रात आता कमी नाहीत. त्यामुळे अमेरिकेच्या कायद्याविषयीचे ऐकीव सल्लेही घरोघरी पोचतात. त्यांतले काही नेमके चुकीचे असतात.

गैरसमज १ : ‘कॉमन लॉ’ म्हणजे अलिखित रूढी.

वस्तुस्थिती : कॉमन लॉ लिहिलेला असतो, पण तो न्यायालयांच्या निकालपत्रांत. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे न्यायाधीश गावोगाव फिरून निवाडे करू लागले आणि त्यांतून ही पद्धत आकाराला आली. पुढे ती वसाहतींबरोबर अमेरिकेत गेली. १९१६ मधला ‘मॅकफर्सन विरुद्ध ब्यूक’ हा खटला पाहा. मोटारीचे लाकडी चाक मोडून मालक जखमी झाला. मोटार विक्रेत्याकडून घेतलेली, म्हणजे कंपनीशी त्याचा करार नव्हता. तरीही निष्काळजीपणासाठी कंपनीच जबाबदार, असे न्यूयॉर्क राज्यातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने ठरवले. निकाल न्यायमूर्ती कार्डोझो यांनी लिहिला. कोणत्याही विधिमंडळाने न केलेला हा नियम पुढे इतर राज्यांनीही उचलला.

गैरसमज २ : म्हणजे न्यायाधीशांचा शब्द सर्वांत वरचा.

वस्तुस्थिती : सर्वांत वर १७८९ पासून अमलात असलेली राज्यघटना. तिच्या चौकटीत संसदेचे कायदे, आंतरराष्ट्रीय करार आणि सरकारी यंत्रणांचे नियम. त्यानंतर प्रत्येक राज्याची घटना आणि कायदे. कॉमन लॉ यांच्याखाली येतो; विधिमंडळ नवा कायदा करून तो बदलू शकते. मात्र एखादा कायदा घटनेत बसतो की नाही, हे न्यायालय ठरवते. १८०३ च्या ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार ठामपणे मांडला.

गैरसमज ३ : सगळ्या अमेरिकेत एकच कायदा चालतो.

वस्तुस्थिती : भारतात एक न्याय संहिता देशभर लागू आहे. अमेरिकेत ५० राज्यांचे ५० फौजदारी कायदे आहेत आणि केंद्राचा आणखी वेगळा. करार, मालमत्ता, घटस्फोट हे विषयही मुख्यतः राज्यांकडेच. लुईझियानाचा दिवाणी कायदा तर फ्रेंच-स्पॅनिश परंपरेतल्या संहितेवर उभा आहे. ‘सात वर्षे एकत्र राहिले की लग्न झाले’ ही समजूतही खोटी. टेक्सास विधीविना विवाह मानते. पण त्यासाठी दोघांची विवाहाला संमती, एकत्र राहणे आणि लोकांत पतिपत्नी म्हणून वावरणे हे सारे लागते. कॅलिफोर्नियात तसा विवाह करताच येत नाही.

गैरसमज ४ : वरिष्ठ न्यायालयाचा निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

वस्तुस्थिती : पूर्वनिर्णय खालच्या न्यायालयांना बांधतो, सर्वोच्च न्यायालय स्वतःचा निर्णय फिरवू शकते. ‘वेगळे पण समान’ म्हणत वर्णभेदाला मुभा देणारा १८९६ चा ‘प्लेसी’ निकाल होता. १९५४ च्या ‘ब्राऊन’ निकालाने सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. गर्भपाताच्या घटनात्मक हक्काचा १९७३ चा ‘रो’ निकाल २०२२ मध्ये रद्द झाला. शिवाय एका राज्याच्या न्यायालयाचा निकाल दुसऱ्या राज्यावर बंधनकारक नसतो.

म्हणून आपले माणूस तिथे अडचणीत आले, तर ऐकीव सल्ल्यावर विसंबू नका. राज्य कोणते, तिथला लिखित कायदा काय सांगतो आणि त्यावरचा ताजा निकाल कोणता, हे तीन प्रश्न त्याच राज्यातल्या वकिलाला आधी विचारा.