सहा मीटरांची चढण

रेल्वेच्या पादचारी पुलाची उंची किती असावी, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्याचा नकाशा काढणाऱ्या स्थापत्यविशारदाला फारसे नसते. रुळांवरून गेलेल्या विजेच्या तारेने ते आधीच हिरावून घेतलेले असते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह जाऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला, तसे तारेभोवती राखावयाचे मोकळे अंतर वाढले. सँडहर्स्ट रोडजवळचा जुना हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडण्यात आला, त्याच्या कारणांत अपुरी उंची हेही एक होते. पुलाचा तळ रुळापासून सुमारे सव्वासहा मीटर वर, त्यात तुळयांची जाडी मिळवावी, फलाटाची उंची वजा करावी, म्हणजे फलाटावरील माणसाच्या वाट्याला सहा मीटरांची चढण उरते. पंधरा सेंटिमीटरांची पायरी धरल्यास या पायऱ्या चाळीस भरतात, आणि गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला चढण्याहून उतरण्याचीच धास्ती अधिक असते.

चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प बांधून टाकावा, असे सुचविणारे सज्जन बहुधा त्रैराशिक मांडीत नाहीत. एकास बारा या सर्वमान्य उताराने सहा मीटर उंची गाठावयाची तर बहात्तर मीटर लांबी लागते. दर नऊ मीटरांनंतर दीड मीटरचा सपाट विसावा धरला, की ती ऐंशीच्या पलीकडे जाते. बारा डब्यांच्या लोकलचा फलाट अडीचशे मीटरांहून थोडासाच लांब. दोन्ही अंगांनी गाड्या लागणाऱ्या अरुंद फलाटाचा असा तिसरा हिस्सा अडविणे म्हणजे गर्दीला रुळांकडे ढकलणेच होय. म्हणून रस्त्याच्या बाजूस जागा असेल तेथे रॅम्प आणि फलाटावर लिफ्ट, हीच वाटणी मला शहाणपणाची वाटते. भुयारी मार्गात डोक्यापुरती उंची पुरत असल्यामुळे चढण बरीच कमी होते. परंतु मुंबईच्या पावसाळ्यात तेथे पाणी उपसण्याचा कायमचा बंदोबस्त करावा लागतो, हेही विसरून चालत नाही.

जिन्याचा कठडा नीट पाहावा. तो दोन उंचींवर हवा, एक प्रौढांसाठी व एक मुलांसाठी किंवा ठेंगण्या माणसांसाठी. आणि शेवटच्या पायरीशी न तुटता तो सुमारे फूटभर सपाटीवर पुढे जावयास हवा, कारण पायऱ्या संपल्याची वर्दी अंध प्रवाशाच्या पायाआधी त्याच्या हाताला मिळते. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये कल्पिलेल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा येथे प्रथम बसविलेल्या उंचवट्यांच्या फरश्या आता आपल्या फलाटांवरही दिसतात. लांबट पट्ट्या वाट दाखवितात, गोल ठिपके ‘थांबा’ म्हणून बजावतात. मात्र ठिपक्यांची ओळ जिन्याच्या तोंडाशी येण्याआधीच संपली, किंवा तिच्यावर एखाद्या विक्रेत्याने टोपली मांडली, तर सारा खर्च व्यर्थ.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरच्या सकाळी, पावसापासून आडोसा शोधणाऱ्या गर्दीत, एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद जिन्यावर तेवीस माणसे चेंगरून मेली. तोवर पादचारी पूल सरकारी दप्तरात ‘प्रवासी सुविधा’ या सदरात मोडत असे, म्हणजे बाकडी आणि पाणपोई यांच्या पंक्तीला. दुर्घटनेनंतर त्याला आवश्यक बाब म्हणून मान्यता मिळाली. लष्कराच्या बॉम्बे सॅपर्सनी तेथे बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. जिन्याची रुंदी वाढविण्याची मागणी आणि दिव्यांगांची मागणी या दोन निरनिराळ्या फायलींत फिरतात, ही मला खात्याची मोठी चूक वाटते. कुबडी टेकीत चढणाऱ्याला मागच्यांनी रेटू नये एवढी जागा जेथे आहे, तेथे धडधाकट माणूसही चेंगरत नाही. सरकता जिना हा काही यावरचा उपाय नव्हे: चाकाच्या खुर्चीला त्याचा उपयोग शून्य, आणि अंध माणसाला त्याची दिशा आधी कळावी लागते.

राहता राहिली लिफ्ट. तिला समोरासमोर दोन दारे असली तर खुर्ची आत वळवावी लागत नाही, हे नकाशातच ठरवावयाचे. पण खरा प्रश्न देखभालीचा. लिफ्ट बंद असल्याची पाटी तिच्याच दाराला अडकविण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ती वाचण्याची वेळ येईतो खुर्चीवरचा माणूस फलाटावर उतरून बसलेला असतो, आणि त्याची लोकल सुटलेली असते. ही वर्दी तो जेथून निघतो त्या स्थानकाच्या तिकीट खिडकीपाशी आणि गाडीतील उद्घोषणेत मिळाली पाहिजे, म्हणजे लिफ्ट चालू असलेल्या शेजारच्या स्थानकावर उतरून पुढे रिक्षा करण्याची तजवीज त्याला वेळीच करता येईल.