लघवीच्या थेंबात सापडलेले कर्करोग

सहा महिन्यांच्या बाळाच्या लघवीत फिल्टर पेपर भिजवायचा, वाळवायचा आणि पाकिटात घालून टपालाने प्रयोगशाळेकडे पाठवून द्यायचा. जपानमधल्या लाखो आयांनी हे काम वर्षानुवर्षं बिनतक्रार केलं. बाळाला सुई टोचायची नाही, दवाखान्यात खेटे घालायचे नाहीत आणि बदल्यात पोटात दडलेल्या कर्करोगाचा पत्ता आधीच लागणार, याला नाही कोण म्हणेल? १९७३ मध्ये डॉ. तादाशी सावादा यांनी क्योतोत सुरू केलेली ही तपासणी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत देशभर पोचली.

रोगाचं नाव न्यूरोब्लास्टोमा. गर्भात मज्जासंस्था घडत असताना काही पेशी कच्च्याच राहतात आणि त्यांची गाठ बनते; बहुतेक वेळा मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीत, कधी पाठीच्या कण्यालगत. या पेशी अॅड्रिनलिनच्या कुळातली रसायनं तयार करतात आणि त्यांचे अवशेष, व्हीएमए आणि एचव्हीए, लघवीत उतरतात. पहिल्या वाढदिवसाआधी निदान झालेली बहुतेक मुलं बरी होतात. दीड वर्षांनंतर, हाडांत आणि अस्थिमज्जेत पसरलेल्या अवस्थेत सापडलेल्यांचं मात्र अवघड असतं. मग सगळ्यांनाच पहिल्या वर्षात का गाठू नये, हा विचार मनात येणं साहजिकच होतं.

‘लवकर सापडला म्हणजे जीव वाचला’ हा समज इथूनच पक्का झाला, आणि तो फक्त पालकांचा नव्हता. तपासणीत सापडलेली जवळजवळ सगळी जपानी मुलं जगली, तेव्हा डॉक्टरांनाही आणखी पुरावा मागावासा वाटेना. पण हिशेबात एक खोच होती. समजा, एखाद्या भागात दरवर्षी दहा मुलांना हा रोग होतो आणि पाच दगावतात. जगण्याचं प्रमाण पन्नास टक्के. आता तपासणीने आणखी दहा मुलांमध्ये अशा गाठी शोधल्या, ज्यांनी कधीच त्रास दिला नसता. रुग्ण झाले वीस, मृत्यू पाचच, आणि जगण्याचं प्रमाण बसल्या जागी पंचाहत्तर टक्क्यांवर! एकही जीव जास्त वाचलेला नाही. म्हणून अशा मोहिमेबाबत विचारायचा प्रश्न असा की, जन्मलेल्या दर लाख मुलांमागे या रोगाने किती दगावली?

त्रास न देणारा कर्करोग असतो का? या रोगात असतो, आणि हे क्योतोच्या आधीच ठाऊक होतं. १९६३ मध्ये बेकविथ आणि पेरिन या अमेरिकी संशोधकांनी इतर कारणांनी दगावलेल्या तान्ह्या बाळांच्या शवविच्छेदनात अॅड्रिनलमध्ये अशा पेशींचे बारीक पुंजके नोंदवले. प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्या मुलांच्या मानाने हे प्रमाण कितीतरी पट जास्त होतं, म्हणजे बहुतेक पुंजके आपोआपच विरत असणार. १९७१ मध्ये डँजिओ, इव्हान्स आणि कूप यांनी तर यकृत आणि त्वचेपर्यंत पसरूनही तान्ह्या वयात आपसूक ओसरणाऱ्या प्रकाराचं वर्णन केलं. (यातले कूप पुढे अमेरिकेचे सर्जन जनरल झाले.) १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी सामूहिक तपासणीचे निकष मांडले, त्यांतही रोगाची नैसर्गिक वाटचाल आधी नीट समजलेली असावी, अशी अट होती. जपानने नेमकी तीच पायरी गाळली.

कॅनडातल्या क्वेबेकने ती गाळली नाही. चयापचयाच्या आजारांसाठी बाळांची लघवी तपासण्याची व्यवस्था तिथे आधीपासून होतीच. तिचाच आधार घेऊन मे १९८९ ते एप्रिल १९९४ या काळात जन्मलेल्या ४,७६,६५४ मुलांसाठी तिसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या महिन्यात तपासणी ठेवली. शेजारच्या ऑन्टारिओत ती नव्हती, म्हणून तुलना शक्य झाली. तपासणीने ४३ मुलांमध्ये गाठी शोधल्या. मृत्यूंचं प्रमाण मात्र ऑन्टारिओपेक्षा घटलं नाही.

जर्मनीचा प्रयोग याहून मोठा. सहा महिने हे वय फार लवकरचं असेल, वर्षाच्या सुमारास तपासलं तर धोकादायक गाठी सापडतील, अशी तिथल्या डॉक्टरांना आशा होती. सोळांपैकी सहा राज्यांत २५,८१,१८८ मुलं तपासली गेली. १४९ जणांत रोग सापडला, त्यांतली तीन दगावली. चाचणीत ‘काही नाही’ असा निर्वाळा मिळालेल्या ५५ मुलांना पुढे हाच रोग झाला आणि त्यांतली १४ गेली. सगळीकडे पसरलेला चौथ्या टप्प्याचा रोग तपासलेल्यांत लाखामागे ३.७, न तपासलेल्या भागात ३.८, मृत्यू १.३ आणि १.२. दोन्ही देशांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

यावरून चाचणीच कुचकामी होती असं कुणाला वाटेल, तर तेही खरं नाही. लघवीतली रसायनं ती बरोबर ओळखत होती. अडचण अशी की या एका नावाखाली दोन वेगळ्या चालीचे रोग नांदतात. सौम्य गाठ महिनोन्‌महिने शांत बसून राहते, त्यामुळे तपासणीच्या दिवशी हमखास हाती लागते. ‘एमवायसीएन’ जनुकाच्या प्रती भरमसाट वाढलेली आक्रमक गाठ मात्र दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उगवून पसरूनही जाते. तपासणीत सापडलेल्या गाठींमध्ये हा जनुकदोष क्वचितच आढळला.

‘साधी लघवीची तर तपासणी, नुकसान काय?’ असंही म्हटलं जाई. नुकसान पाकिटात नव्हतं, त्यानंतरच्या उपचारांत होतं. गाठ आहे म्हटल्यावर ती काढायचीच, हा तेव्हाचा शिरस्ता. सहा-सात महिन्यांच्या मुलाचं पोट उघडून मोठ्या रक्तवाहिन्यांलगतची गाठ सोडवायची, काहींना वर केमोही द्यायची, आणि तेही आपसूक विरली असती अशा गाठीसाठी!

जपानने २००३ मध्ये मोहीम थांबवण्याचा निर्णय घेतला. वाद तरीही मिटला नाही. २००८ मध्ये ‘लान्सेट’मध्ये आलेल्या जपानी अभ्यासात तपासणीच्या काळात जन्मलेल्या मुलांत मृत्यू कमी दिसले. पण तुलना मुख्यतः आधीच्या काळाशी होती, आणि त्या अवधीत उपचारही सुधारले होते. तपासणीचं श्रेय त्यातून वेगळं काढणं कठीण आहे, त्यामुळे जर्मनी आणि क्वेबेकचं पारडं जड वाटतं.

याचा अर्थ लहान मुलांच्या सगळ्याच तपासण्या फोल, असा काढू नये. नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्तावरून जन्मजात थायरॉइडची कमतरता ओळखता येते. ती सहसा आपोआप सरत नाही, आणि रोजच्या गोळीने मेंदूची हानी टळते. घरात रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग, झालेला असेल तर बाळाचे डोळे जन्मापासून ठरावीक अंतराने तपासणं आवश्यकच आहे. तिथे निवड जोखमीवरून होते, सरसकट नाही.

न्यूरोब्लास्टोमाच्या बाबतीत डॉक्टरांची रीतही बदलली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांखालच्या, अॅड्रिनलमध्ये लहान गाठ असलेल्या ८३ बाळांना शस्त्रक्रियेऐवजी सोनोग्राफी आणि लघवीच्या तपासण्यांच्या देखरेखीखाली ठेवलं गेलं. त्यांतल्या ६७ जणांना शस्त्रक्रिया लागलीच नाही आणि तीन वर्षांनंतर सगळी मुलं जिवंत होती. मोठ्या मुलांबाबत मात्र वाट पाहण्याला जागा नाही. पोटात हाताला लागणारी टणक गाठ, मार न लागता डोळ्यांभोवती उमटलेली काळी-निळी वर्तुळं, हाडं दुखतात म्हणून चालणं सोडलेलं मूल किंवा न हटणारा ताप दिसला, तर बालरोगतज्ज्ञ आजही सोनोग्राफीबरोबर व्हीएमए आणि एचव्हीएसाठी लघवी तपासायला पाठवतात.