उतारवयातील स्तन-इम्प्लांट : ठेवावे की काढावे?

कृत्रिम स्तनरोपण हा विषय आपल्या पेडणे-डिचोली भागात चारचौघांत बोलण्याचा कधीच नव्हता. हे सिनेनट्यांचे प्रकरण, अशीच आपली सर्वसाधारण समजूत. परंतु या दोन तालुक्यांत अनेक वर्षे व्यवसाय करताना मला असे आढळले की, हा विषय आपल्या उंबरठ्याच्या आत येऊन पोहोचलेला आहे. कर्करोगामुळे स्तन काढावा लागल्यावर मुंबईस पुनर्रचना करून घेतलेल्या स्त्रिया आपल्यात आहेत. आखातात, पोर्तुगालात वा इंग्लंडात उमेदीची वर्षे घालवून गावच्या घरी परतलेल्या आहेत. हरमल, मांद्रे, मोरजी येथे दीर्घकाळ मुक्काम करणाऱ्या परदेशी महिलाही आपल्याच दवाखान्याची पायरी चढतात. यांतील कित्येकींनी साठी ओलांडली आहे. "डॉक्टर, हे आता काढून टाकावे काय?" या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, याचा थोडा ऊहापोह येथे करीत आहे.

थोडा इतिहास

स्तनाचा आकार भरून काढण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न चेर्नी या शल्यविशारदाने 1895 साली केला. त्याने रुग्णेच्याच शरीरातील चरबीची गाठ वापरली होती. सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट 1962 साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन व जेरो यांनी बसविले. पुढे तक्रारी वाढल्या आणि 1992 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सिलिकॉन जेलच्या वापरावर कडक निर्बंध घातले. ते 2006 साली उठले. फ्रान्समधील 'पिप' कंपनीने औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरल्याचे 2010 साली उघडकीस आले. फ्रेंच सरकारने 2011 च्या डिसेंबरात ती इम्प्लांट्स काढून घेण्याचा सल्ला दिला. इंग्लंडमधील तज्ज्ञांनी मात्र ती सरसकट काढण्याची शिफारस केली नाही. एकाच वस्तूविषयी दोन प्रगत देशांनी वेगळी भूमिका घेतली, यावरूनच हा निर्णय किती व्यक्तिसापेक्ष आहे ते कळावे.

इम्प्लांट आयुष्यभराचे नव्हे

सर्वप्रथम हे स्पष्ट असावे की, कोणतेही इम्प्लांट जन्मभर टिकेल असे धरून चालता येत नाही. एफडीएच्या माहितीनुसार केवळ आकारवृद्धीसाठी बसविलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 20 टक्क्यांपर्यंत स्त्रियांना 8 ते 10 वर्षांत ते काढावे लागते. याचा अर्थ दहा वर्षे झाली की काढलेच पाहिजे, असा नव्हे. तक्रार नसेल आणि तपासणी निर्दोष असेल, तर ते तसेच ठेवून लक्ष ठेवणे हाही योग्य उपचारच होय.

काढण्याची मुख्य कारणे अशी :

1. आवरण आकसणे : शरीर प्रत्येक परक्या वस्तूभोवती तंतुमय आवरण तयार करते. ते आकसले की स्तन कठीण, वेडावाकडा व दुखरा होतो. याच्या चार श्रेणी मानतात. तिसऱ्या व चौथ्या श्रेणीत शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

2. फुटणे : मिठाच्या पाण्याचे इम्प्लांट फुटल्यास स्तन लवकरच बसतो व कळून येते. सिलिकॉन जेल मात्र मुकाट्याने फुटते. बाहेरून काहीच कळत नाही. जेल काखेतील गाठींत पोहोचल्यास कर्करोग पसरल्याचा भास होऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर 5-6 वर्षांनी व पुढे दर 2-3 वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, अशी शिफारस आहे.

3. उशिरा साचणारे पाणी : कित्येक वर्षांनंतर एकाच बाजूचा स्तन अचानक सुजला, तर तो केवळ मुका मार किंवा जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके देत राहू नये. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती 'एएलसीएल' नावाचा एक विरळा लिम्फोमा होऊ शकतो. एफडीएने त्याची शक्यता 2011 साली प्रथम मांडली. 2019 च्या जुलैत ॲलर्गन कंपनीची 'बायोसेल' इम्प्लांट्स जगभरातून परत घेण्यात आली. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली पाणी काढून पेशींची व सीडी-30 ची तपासणी करावी. दवाखान्यात अंदाजाने सुई खुपसू नये. इम्प्लांटलाच भोक पडेल. हा रोग वेळीच सापडल्यास इम्प्लांट व संपूर्ण आवरण काढून बहुधा बरा होतो.

अशी इम्प्लांट्स असूनही काही त्रास नसलेल्या स्त्रियांनी ती केवळ भीतीपोटी काढावीत, अशी शिफारस मात्र नाही.

थकवा, सांधेदुखी आणि इम्प्लांट

थकवा, सांधेदुखी, केस गळणे, विसरभोळेपणा या तक्रारी इम्प्लांटमुळे होतात, असे अनेक स्त्रिया सांगतात. याची खात्री करणारी कोणतीही तपासणी नाही. काढल्यानंतर काहींना बरे वाटते, ही गोष्टही खरी. पण तशी हमी देता येत नाही. आपल्या वयस्कर भगिनींत हीच लक्षणे थायरॉईडच्या विकाराने, रक्तक्षयाने, बी-12 व डी जीवनसत्त्वांच्या कमतरतेने आणि संधिवातानेही उद्भवतात. ती कारणे आधी शोधावीत. तसेच, तिची तक्रार 'मनाचे खेळ' म्हणून झटकूनही टाकू नये.

डिचोली तालुक्यातील एक वृद्ध बाई सांधेदुखीसाठी माझ्याकडे येत. सोबत नेहमी सून असे. तिसऱ्या खेपेस सून औषधे आणण्यास बाहेर गेली, तेव्हा त्यांनी पदर सावरीत हळूच सांगितले की, तरुणपणी परदेशात असताना त्यांनी इम्प्लांट बसवून घेतले होते. नवऱ्याखेरीज घरात कोणास ठाऊक नव्हते, आणि तो तर केव्हाच निवर्तला होता. सोनोग्राफीत एक बाजू फुटलेली आढळली. सांधेदुखीचे मूळ गुडघ्यांच्या झिजेतच होते, हे मी त्यांना आधीच सांगितले. शस्त्रक्रियेनंतर गुडघे पूर्वीसारखेच दुखत राहिले, पण त्या म्हणाल्या, "आता मेल्यावर अंघोळ घालताना कोणास काही दिसणार नाही." हे ओझे त्या चाळीस वर्षे वाहत होत्या.

शस्त्रक्रियेपूर्वीचा विचार

इम्प्लांट काढणे ही क्रिया तुलनेने सोपी असते; आवरण किती काढायचे, हा खरा प्रश्न. लिम्फोमा असल्यास ते सर्व काढावेच लागते. एरवी बरगड्यांना चिकटलेले पातळ आवरण हट्टाने सोलून काढताना फुप्फुसाच्या पडद्यास इजा होण्याचा धोका असतो. म्हणून 'सगळे एकसंध काढा' असा आग्रह रुग्णेने धरल्यास तिला हा धोका समजावून द्यावा.

उतारवयात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे यांचा विचार भूलतज्ज्ञासह आधी व्हावा. काढल्यानंतर कातडी सैल पडते, स्तन चपटा दिसतो, याची कल्पना स्त्रीला स्पष्ट शब्दांत द्यावी. हवे असल्यास स्तन उचलून घेण्याची शस्त्रक्रिया किंवा स्वतःची चरबी भरणे शक्य असते. कर्करोगानंतरच्या रुग्णेस पोटाच्या वा पाठीच्या ऊतींनी पुनर्रचना, किंवा काहीच न करता सपाट छाती व कपड्यांत बाहेरून वापरायचा कृत्रिम स्तन, हे पर्याय आहेत. "या वयात आता दिसण्याचे काय?" असे आपण म्हणू नये, ते तिने ठरवायचे आहे.

विचारणे, हाच पहिला उपचार

मॅमोग्राफी करताना इम्प्लांट असल्याचे तंत्रज्ञास सांगितलेच पाहिजे, कारण ते मागे सारून वेगळी चित्रे घ्यावी लागतात. न सांगितल्यास स्तनाचा काही भाग झाकलेलाच राहतो आणि खरा कर्करोग सुटू शकतो. इम्प्लांट काढले, तरी वयानुसार स्तनतपासणी चालूच ठेवावी.

म्हणून माझी व्यवसायबंधूंस विनंती की, स्त्री रुग्णेचा पूर्वेतिहास घेताना मधुमेह, रक्तदाब विचारतो तितक्याच सहजपणे, आणि शक्यतो एकांतात, हाही प्रश्न विचारावा. भगिनींना विनंती की, इम्प्लांटचे कार्ड किंवा शस्त्रक्रियेचे जुने कागद सापडत असतील, तर चवथीच्या साफसफाईत फेकून देऊ नयेत. त्यांवरील कंपनीचे नाव व क्रमांक मोलाचे असतात. ते नसले तरी संकोच न करता यावे. तुये किंवा डिचोलीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील प्लास्टिक सर्जरी विभागाचा सल्ला घेता येतो. निर्णय ठेवण्याचा असो वा काढण्याचा, तो पुरेशा माहितीने आणि कोणाच्याही दडपणाविना व्हावा, इतकीच अपेक्षा.