मुदत संपलेला माल आणि आपली पावती



तोडलेला ऊस फडात किंवा कारखान्याच्या आवारात पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि उताराही घसरतो. म्हणून तोडणीनंतर चोवीस तासांच्या आत ऊस गाळपाला गेला पाहिजे, असा आपणा सर्वांचा आग्रह असतो. मुदत म्हणजे काय आणि ती टळली की काय होते, हे ऊस पिकवणाऱ्या माणसाला कुणी नव्याने शिकवायला नको. वजनकाट्यावर पावती हातात पडल्याशिवाय आपण गाडी पुढे हलू देत नाही, आणि चार किलोचा फरक दिसला तरी शेतकी ऑफिसात जाऊन विचारतो.

हाच आपला सभासद तालुक्याच्या मोठ्या बझारात सामान भरायला गेला की मात्र पाकिटावरची तारीख बघत नाही, पावती पिशवीत चुरगळून टाकतो आणि घरी आल्यावर माल मुदतीबाहेरचा निघाला तर "जाऊ द्या हो, वीस रुपयांसाठी कुठं भांडत बसायचं" म्हणून तो उकिरड्यावर फेकतो. या लेखात आम्ही एवढेच सांगणार आहोत की अशा वेळी गप्प बसू नये, आणि तक्रार कशी करावी.

तारीख कशी वाचावी

बंद पाकिटातील खाद्यपदार्थावर तो तयार केल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख, दोन्ही हव्यात. मुदतीची तारीख 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' या शब्दांनी छापलेली असते. त्या तारखेनंतर तो पदार्थ विकूही नये आणि खाऊही नये. 'बेस्ट बिफोर' याचा अर्थ थोडा वेगळा. त्या तारखेपर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा उत्तम राहील अशी ती हमी असते. काही पाकिटांवर 'पॅकिंगपासून सहा महिने' असे लिहिलेले असते. तिथे पॅकिंगची तारीख शोधून बोटांवर महिने मोजावेत.

आपल्याकडे आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असा क्रम असतो. तारखेवर दुसरी चिठ्ठी डकवलेली असेल, तारीख खरवडलेली असेल किंवा शाई पुसलेली असेल, तर ते पाकीट घेऊच नये. मिठाईच्या दुकानातील सुट्या मिठाईसाठीही १ ऑक्टोबर २०२० पासून 'केव्हापर्यंत खावी' ही तारीख ट्रेसमोर लावण्याचा आदेश निघालेला आहे. पेढे-बर्फी घेताना ती पाटी बघावी.

इथे कुणी विचारील की साखरेचे काय? कोरडी ठेवलेली साखर जंतूंमुळे नासत नाही, कारण जंतूंना वाढायला लागणारे पाणीच तिच्यात जवळजवळ नसते. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत, म्हणजे 'कोडेक्स'मध्ये, घन साखरेला मुदतीच्या तारखेतून सूट आहे ती याच कारणाने. दूध, पनीर, पाव, लहान मुलांचे खाद्य यांचे तसे नाही.

कायदा काय म्हणतो

पूर्वी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याच्या जागी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो लागू झाला. त्याच्या कलम २७ मध्ये जबाबदारी वाटून दिलेली आहे. मुदत संपल्यावर माल पुरवला तर घाऊक विक्रेता किंवा वितरक जबाबदार, आणि मुदत संपल्यावर विकला तर दुकानदार स्वतः जबाबदार. म्हणजे "आम्ही काय करणार, कंपनीकडूनच तसा माल आला" हे उत्तर कायद्यात बसत नाही. मांडणीवरचा माल तपासणे हे दुकानदाराचे काम आहे. जुनी पोती मागे ठेवून नवी पुढे लावली, तर गोदामात जे होते तेच दुकानात होते. मागचा माल तसाच राहतो आणि एक दिवस 'दोनवर एक मोफत' म्हणून पुढे येतो.

दुसरा कायदा ग्राहक संरक्षणाचा. तो प्रथम १९८६ साली झाला. २०१९ साली नवा कायदा झाला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. मागितलेले बिल न देणे आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणे, या दोन्हींना या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हटले आहे. परतीची मुदत बिलावर छापलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. तेव्हा 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीला घाबरण्याचे कारण नाही. आणखी एक गोष्ट. पैसे ज्याने दिले तोच ग्राहक असे नाही. त्याच्या संमतीने तो माल वापरणारी घरची मंडळीही ग्राहकच ठरतात. मात्र पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागत नाही.

दुकानात काय करावे

गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे एका सभासदाची हकीकत आली. त्यांनी नातवासाठी तालुक्याच्या एका मोठ्या दुकानातून बाळाच्या खाद्याची दोन पाकिटे आणली. घरी सुनेने तारीख बघितली तर मुदत संपून सहा आठवडे झालेले. ते लगेच परत गेले. व्यवस्थापक गोड बोलला, "काका, चूक झाली, बदलून घेऊन जा." त्यांनी जुनी पाकिटे आणि बिल दोन्ही काउंटरवर ठेवले आणि नवी पाकिटे घेऊन आले. पुढच्या आठवड्यात शेजारच्या घरी त्याच दुकानातून तसेच पाकीट आले. आता तक्रार करायची तर हातात ना पाकीट, ना बिल.

म्हणून आमचे सांगणे असे :

१. पाकीट फोडले असेल तर आहे तसे, फोडले नसेल तर बंदच ठेवावे. "बघू जरा, बरं लागतंय का" म्हणून चाखू नये.

२. बिलाची झेरॉक्स काढावी आणि मोबाईलवर फोटो घ्यावा. हल्लीच्या यंत्रावरच्या बिलाची शाई काही महिन्यांत उडते आणि कोरा कागद हातात राहतो.

३. पाकिटाचा चारी बाजूंनी फोटो घ्यावा. त्यात मुदतीची तारीख, बॅच नंबर, किंमत आणि चौदा आकडी परवाना क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे. मांडणीवर तसाच आणखी माल असेल तर तोही टिपावा.

४. दुकानात आवाज चढवू नये. व्यवस्थापकाला भेटून लेखी तक्रार द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर 'पोच' म्हणून सही-शिक्का घ्यावा. पोच दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा.

५. पैसे परत घ्यायला किंवा माल बदलून घ्यायला हरकत नाही. पण मूळ पाकीट देण्यापूर्वी फोटो काढलेले असावेत, आणि 'मुदतबाह्य माल परत घेतला' असे दुकानाकडून लिहून घ्यावे. तक्रार पुढे न्यायची असेल तर निदान एक पाकीट स्वतःकडे ठेवावे.

६. हातात पुरावा येण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर दुकानाचे नाव घेऊन मजकूर फिरवू नये. त्यातून माल तर हलत नाहीच, उलट भांडण मात्र अंगावर येते.

न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'थंड जागी ठेवा' असे लिहिलेले दूध-पनीर आपण दुपारभर उन्हात गाडीच्या डिकीत ठेवले आणि ते नासले, तर तो दोष दुकानावर ढकलता येत नाही. उलट, मुदत शिल्लक असूनही बंद पाकिटातून घाण वास आला किंवा बुरशी निघाली, तर तीही तक्रार रास्तच आहे.

दाद कुठे मागावी

दुकानदाराने दाद दिली नाही, किंवा दिली तरी मांडणीवर तसा माल राहिलाच, तर तीन दरवाजे आहेत.

पहिला अन्न व औषध प्रशासनाचा. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे अर्ज करावा. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानाची तपासणी करू शकतात, नमुने घेऊ शकतात. प्रशासनाचा मोफत दूरध्वनी १८००२२२३६५ असा आहे, आणि केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १८००११२१०० असा आहे. मांडणीवरचा माल हलवायचा तर हाच दरवाजा कामाचा.

दुसरा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा, क्रमांक १९१५. इथे मराठीतही बोलता येते. ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात. बरीच प्रकरणे इथेच मिटतात.

तिसरा जिल्हा ग्राहक आयोगाचा. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. पुण्या-मुंबईत खरेदी झाली म्हणून तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील देण्याची सक्ती नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'ई-जागृती' या संकेतस्थळावरूनही तक्रार दाखल होते. मालाची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

अन्नामुळे कुणी आजारी पडले तर दवाखान्याचे कागद, औषधांची बिले जपून ठेवावीत आणि डॉक्टरांना काय खाल्ले ते सांगून नोंद करायला लावावी. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ६५ नुसार इजा झाल्यास एक लाखापर्यंत, गंभीर इजा झाल्यास तीन लाखांपर्यंत आणि मृत्यू झाल्यास किमान पाच लाख रुपये भरपाईची तरतूद आहे.

अर्जाचा नमुना

"मी अमुक तारखेस आपल्या दुकानातून बिल क्रमांक अमुक अन्वये अमुक पदार्थाची इतकी पाकिटे इतक्या रुपयांस घेतली. त्यांवरील मुदत अमुक तारखेस, म्हणजे खरेदीपूर्वी इतके दिवस, संपलेली आहे. बॅच नंबर अमुक. सबब, (१) माझी रक्कम परत द्यावी, (२) या बॅचचा उरलेला माल विक्रीतून काढावा व तसे मला लेखी कळवावे. सोबत बिल व फोटोंच्या प्रती जोडल्या आहेत."

एवढे पुरे. आरोप, विशेषणे, धमक्या यांची गरज नाही. यातले दुसरे कलम मात्र कुणी गाळू नये.

वीस रुपयांसाठी कशाला?

ते का गाळू नये, ते आता सांगतो. आपल्यासारखा सभासद तारीख वाचू शकतो, परत जाऊ शकतो, अर्ज लिहू शकतो. हंगामात बीड आणि आसपासच्या भागांतून तोडणीला येणारी कुटुंबे कोप्यांवर राहतात. आठवडा बाजारात निम्म्या किमतीला मिळणारी बिस्किटे, शेव, फरसाण त्यांच्या मुलांच्या हाती पडते. पाकिटावर इंग्रजीत बारीक छापलेली तारीख त्या माउलीला कोण वाचून दाखवणार? मोठ्या दुकानात खपला नाही तो माल स्वस्तात असाच खाली सरकतो. आपण गुपचूप फेकून दिलेले पाकीट आपल्यापुरते संपते. त्याच्या मागचा सगळा खोका मात्र कुणाच्या तरी घरी जातो. तक्रार वीस रुपयांची नाही, त्या खोक्याची आहे.

आपल्याच भांडाराचे काय?

शेवटी थोडे घरचे बोलू. आपल्या कारखान्याचे ग्राहक भांडारही दुकानच आहे, आणि कायदा त्यालाही तितकाच लागू आहे. पण तिथे माल खराब निघाला तर सभासद गप्प बसतो. "काउंटरवरचा पोरगा आपल्याच गावचा, त्याला कशाला अडचणीत आणायचं," असे म्हणतो.

हे मन मोठे असल्याचे लक्षण असेल, सहकाराचे नव्हे. इंग्लंडमधील रॉचडेल गावी २१ डिसेंबर १८४४ रोजी २८ सभासदांनी सहकारी दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच त्यांचा पहिला माल होता. गिरणगावातील व्यापारी भेसळीचा माल आणि खोटे माप गरिबांच्या गळ्यात मारीत, म्हणून चोख माल आणि पुरे माप हे त्यांनी आपल्या दुकानाचे ब्रीद ठरवले. मुंबईच्या नायगावात १९४८ साली कामगारांनी अपना बाजार सुरू केला, तोही याच वाटेने. वाईट मालाबद्दल बोलणाऱ्या माणसांनी सहकारी दुकान जन्माला घातले. त्याच दुकानात सभासदाने तोंड मिटून बसावे, हे उलटेच झाले.

म्हणून भांडार समितीला आमची विनंती आहे. तक्रार वही काउंटरच्या आत नको, बाहेर दोरीने बांधून ठेवावी. महिन्यातून एकदा मांडणीवरच्या सगळ्या मालाच्या तारखा तपासून काढलेल्या मालाची यादी फलकावर लावावी. आणि सभासदांना विनंती अशी की पुढच्या खरेदीला चष्मा बरोबर न्यावा, तारीख बघावी, आणि काही वावगे दिसले तर त्या वहीत नाव-गावासह लिहावे. काउंटरवरच्या पोरालाही त्याचा राग येऊ नये. लिहिलेली तक्रार त्याच्याविरुद्ध नसते, मागे राहिलेल्या मालाविरुद्ध असते.

— संपादक मंडळ